एमआरआयच्या बोगद्यातली चक्कर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



साताऱ्याकडचे एक आजोबा मिरजेला माझ्याकडे तपासायला आले होते. अधूनमधून चक्कर यायची आणि एका कानानं ऐकू येणंही कमी झालं होतं. अशा वेळी कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघावं लागतं. मी एमआरआय सांगितला, तर आजोबांनी हातच जोडले. "डॉक्टरसाहेब, तेवढं सोडून काय बी सांगा."

आधी एकदा एका केंद्रात मानेसाठी त्यांचा एमआरआय झाला होता. "आत सरकवलं आन् खंबाटकीच्या घाटात एसटी वळती ना, तसं झालं बघा. मी तर गप पडून हुतो!" बाहेर आल्यावर त्यांनी हे सांगितलं, तर तिथल्या माणसानं 'घाबरलात म्हणून वाटलं' असं म्हणून विषय संपवला. आजोबांना चकरेपेक्षा हे उत्तर जास्त लागलं होतं.

त्या अरुंद बोगद्याची अनेकांना भीती वाटते, हे खरं. पण आजोबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं.

आपल्या कानाच्या आतल्या भागात, हाडाच्या पोकळीत, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत पातळ द्रव असतो. पाण्याची बादली गर्रकन फिरवली तर पाणी क्षणभर मागे राहतं, तसाच मान वळवली की हा द्रव मागे राहतो. त्यामुळे नळीतला लवचीक पडदा वाकतो आणि डोकं वळल्याचं मेंदूला कळतं.

आता चुंबकाकडे येऊ. रुग्णालयांतली यंत्रं साधारणपणे 1.5 किंवा 3 टेस्लाची असतात. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या 30 हजार पटींहून अधिक! कानातल्या द्रवात पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण असतात आणि संवेदक पेशींकडे त्यांचा प्रवाह अखंड चालू असतो. म्हणजे ती एक बारीकशी वीजच. चुंबकीय क्षेत्रातल्या विजेच्या प्रवाहाला ढकल बसते. दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा. वाळव्यात उसाला पाणी देणारी मोटर फिरते तीही अशाच बळावर. कानात ही ढकल द्रवाला बसते आणि पडदा वाकतो. डोकं स्थिर असतं. कान मात्र सांगतो की आपण फिरतोय.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेल रॉबर्ट्स, डेव्हिड झी आणि सहकाऱ्यांनी 2011 साली हे दाखवून दिलं. त्यांनी लोकांना 7 टेस्लाच्या यंत्रात अंधारात निजवून डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. उजेडात नजर एखाद्या वस्तूवर खिळते आणि ही हालचाल दबून जाते, म्हणून अंधार. माणूस निश्चल पडलेला असतानाही डोळे एका बाजूला हळू सरकत आणि झटक्यानं परत येत. डोक्याऐवजी पायांकडून आत सरकवलं, तर दिशा उलटी! ज्यांच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी होती, त्यांचे डोळे मात्र असे हलले नाहीत. मला तर हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

यंत्र जितकं बलवान, तितका परिणाम जास्त. 1.5 टेस्लाच्या यंत्रात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आजोबांची जुनी फिल्म पाहिली, तर ती 3 टेस्लाच्या यंत्रातली होती. यानं कानाला कायमची इजा होते असं आढळलेलं नाही. फिरल्याची जाणीवही सहसा मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते, कारण मेंदू त्या खोट्या संदेशाला सरावतो. पण सरावलेला मेंदू बाहेर आल्यावर लगेच सावरत नाही आणि काही वेळ उलट्या दिशेनं फिरल्यासारखं वाटतं. जपायचं ते इथे. वयस्कर माणूस घाईनं उठून पायऱ्या उतरू लागला, तर पडायची भीती असते.

आजोबांना हे सगळं समजावलं आणि ते तयार झाले. आत जाताना डोळे मिटून स्वस्थ पडायचं, बाहेर आल्यावर टेबलाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसायचं आणि मुलाचा हात धरूनच उभं राहायचं, एवढंच ठरलं. पेसमेकर, कानात बसवलेलं श्रवणयंत्र किंवा अंगात धातूचा तुकडा आहे का, हेही त्यांना पुन्हा विचारून घेतलं. हे प्रत्येकानं आधी सांगायलाच हवं.

गाठ निघाली नाही. "येताना उलटं वळण लागलं बघा," असं त्यांनी या वेळी मी विचारायच्या आधीच सांगितलं.