पार्ट छोटा की गाडी वाकडी? पद्मिनीचं इंटिरिअर बसवताना

आजचा विषय जुनी गाडी उभी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. नवीन इंटिरिअर मागवलं, खोका उघडला, आणि ते गाडीत बसतच नाही.

मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवार मामाच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीवर काम करतो. ही गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. आता तो कारखाना नाही, त्यामुळे आपण घेतो ते बहुतेक रिप्रॉडक्शन, म्हणजे कुणीतरी जुना नमुना समोर ठेवून पुन्हा बनवलेलं.

घोळ इथेच सुरू होतो. समोर ठेवलेला नमुना तीसचाळीस वर्षांचा असतो. रेक्झिन आटलेलं, पुठ्ठा ओल लागून फुगलेला. त्यावरून माप घेतलं की चूकही कॉपी होते. शिवाय आपली गाडी तरी कुठे सरळ असते? कधी दरवाजा ठोकून घेतलेला, कधी गंजलेला फ्लोअर कापून नवा पत्रा जोडलेला. आणि परदेशातून मागवलं तर वेगळीच गंमत. इटलीतल्या अकराशेचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. म्हणजे कार्पेटमधली पेडलची जागाच उलटी! गिअरचंही बघा. बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगजवळ आहे, शेवटच्या काळातल्या काहींचा खाली फ्लोअरवर. कार्पेटला भोक हवं की नको, हे तिथे ठरतं.

म्हणून माझा एकच नियम: कात्री सगळ्यात शेवटी. कोडमध्ये चुकलं तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं. कापलेलं रेक्झिन परत जोडता येत नाही, आणि कापलेला पार्ट विकणारा परतही घेत नाही. आधी शोधायचं, चूक पार्टची, गाडीची की आपण लावलेल्या क्रमाची?

क्रमाचं सांगतो. फ्लोअरवर आवाज अडवणारी जाड शीट टाकली की कार्पेट तेवढं वर येतं आणि कडेला कमी पडतं. मग वाटतं, कार्पेटच छोटं आलंय. म्हणून आधी शीट, मग कार्पेट, आणि मापं शीट टाकल्यावरच घ्यायची.

कार्पेट तासभर उन्हात पसरून ठेवा, घड्या निघतात आणि ते नरम होतं. मधोमध खडूने रेघ मारा, गाडीच्या मधल्या उंचवट्यावर ती जुळवा आणि तिथून बाहेर सरकत जा. सीटच्या बोल्टची भोकं वरून अंदाजाने पाडू नका. गाडीखालून टोच्या घालून जागा शोधा. आणि कार्पेटवर ड्रिल अजिबात नको. धागा बिटला गुंडाळतो आणि क्षणात लांब ओळ उसवत जाते. सिंथेटिक कार्पेट असेल तर गरम सोल्डरिंग आयर्नने भोक पाडा, कड वितळून बंद होते. फक्त हवा खेळती ठेवा, धूर वाईट असतो.

डोअर पॅडची क्लिपची भोकं अर्धा इंच इकडेतिकडे असणं नेहमीचं. दरवाजाच्या पत्र्यात नवी भोकं पाडू नका, तिथूनच गंज सुरू होतो. दरवाजावर जाड कागद चिकटवा, भोकं आणि काचेच्या हँडलची जागा त्यावर उतरवा, तो कागद पॅडवर ठेवा आणि बदल पॅडमध्ये करा. मागचा प्लॅस्टिकचा कागद विसरू नका. तो नसेल तर पावसाळ्यात नवा पॅडही फुगणार.

सीट कव्हर घट्ट होत असेल तर आधी फोम तपासा. नवा फोम बऱ्याचदा जुन्यापेक्षा उंच असतो. फोमवर पातळ प्लॅस्टिक घातलं की कव्हर सहज सरकतं. रूफ लायनिंग मात्र मी अनुभवी कुशनवाल्यांकडे देतो. तिथे ताण सगळीकडे सारखा लागतो, एका बाजूला जास्त ओढलं की सुरकुती कायमची.

आता एक गोष्ट जिथे तडजोड नाही. कार्पेट बसलं की एक्सिलरेटर आणि ब्रेक पूर्ण दाबून सोडून बघा. पेडलखाली जाड कड किंवा घडी राहिली तर एक्सिलरेटर अडकू शकतो. दिसायला सुंदर असो, ते कार्पेट तिथे कमी करायचंच. सीट बोल्टखाली कार्पेटचा गोळा असेल तर तोही काढा. बोल्ट पत्र्यावर घट्ट बसला पाहिजे.

आणि जुने पार्ट फेकू नका. फाटलेला डोअर पॅड भंगार वाटतो, पण त्यावर कारखान्याने पाडलेली भोकं आहेत. सपाट करून त्याचा आराखडा कागदावर उतरवा, मापं लिहा, फोटो काढा. पद्मिनी कमी होत चालल्यात. पुढच्याला बरोबर मापाचा पार्ट मिळेल की नाही, हे आपण काय जपून ठेवतो त्यावर ठरणार आहे.

तर या रविवारी कात्री नको, टेप आणि खडू घ्या. भेटू पुढच्या भागात!