लसूण केव्हा लावावा?

(मे महिन्यात शाळेच्या बागेत एका शिक्षिकेने केलेले भाषण)



आज आपण शाळेच्या बागेत लसूण लावणार आहोत. लसूण तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. आई वरणाला फोडणी देते, तेव्हा त्याचा वास घरभर पसरतो. शेजारी रूगाय शिजते, तिच्यातही तो असतो. क्रेओल भाषेत आपण त्याला ‘लाय’ म्हणतो. मॉरिशसच्या दुकानांत मिळणारा बराचसा लसूण परदेशांतून येतो. पण तो आपल्या अंगणातही पिकतो. फक्त त्याची वेळ सांभाळावी लागते. ती वेळ मी कशी शिकले, ते आधी सांगते.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझी आजी दरवर्षी परसात लसूण लावीत असे. काढणी झाली की त्यातले सहा मोठे गड्डे ती स्वयंपाकघरात टांगून ठेवी. ते पुढच्या वर्षीचे बियाणे. त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता.

एकदा भारतातून आलेले एक मराठी पुस्तक माझ्या हाती पडले. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावा, असे त्यात लिहिले होते. मला वाटले, आजी तर मे महिन्यात लावते. म्हणजे तिचे चुकते! तो ऑक्टोबर महिनाच होता. मी कोणालाही न विचारता पाच गड्डे काढले आणि त्यांच्या पाकळ्या मातीत लावल्या.

काही पाकळ्या उगवल्याच नाहीत. काहींना उशिरा पात आली. पुढे ऊन वाढले. जानेवारीत मुसळधार पाऊस झाला आणि वाफ्यात पाणी साचले. मी उकरून पाहिले, तर बहुतेक पाकळ्या कुजल्या होत्या. दोन-तीन रोपांखाली छोटे गोल कांदे होते, पण त्यांत पाकळ्याच नव्हत्या.

मी रडत रडत आजीला सगळे सांगितले. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पोरी, पुस्तक खोटं नाही. पण ते तिकडचं आहे. लावायचं इकडे, तर इकडचं आभाळ बघावं. आणि मला एकदा विचारायचं होतंस.”

मुलांनो, आजीचे म्हणणे नीट समजून घ्या. लसणाला वाढताना थंडी लागते आणि काढणीच्या वेळी कोरडी हवा लागते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो आणि त्यानंतर थंडी येते. म्हणून तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला लसूण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढतात. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे जुलै-ऑगस्ट हे थंडीचे महिने, तर जानेवारी ते मार्च हे मोठ्या पावसाचे आणि चक्रीवादळांचे. म्हणून आपण एप्रिल-मे महिन्यांत लसूण लावतो आणि सप्टेंबरच्या सुमारास काढतो. पीक एकच, पण देश बदलला की महिना बदलतो.

आता लावायचा कसा, ते ऐका.

गड्डा निरोगी आणि घट्ट निवडा. शक्यतो आपल्या बेटावर पिकलेला घ्या. बाहेरून आलेल्या लसणाला कधी कधी कोंब फुटत नाही. लावायच्या दिवशीच पाकळ्या सुट्या करा. साल काढू नका. मोठ्या पाकळ्या लावा, बारीक पाकळ्या स्वयंपाकाला ठेवा.

जागा भरपूर उन्हाची हवी. माती भुसभुशीत करा, खडे वेचा आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा. अंगण नसेल, तर सुमारे २० सेंटिमीटर खोल कुंडी चालते. तिच्या तळाला भोक मात्र हवे. पाकळीचा चपटा भाग खाली आणि टोक वर ठेवा. ती सुमारे ३ सेंटिमीटर खोल पुरा. दोन पाकळ्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर सोडा.

वरची माती सुकली की पाणी द्या. पाणी साचू देऊ नका. गवत उगवले तर उपटा. साधारण चार-पाच महिन्यांनी पात पिवळी पडून वाकू लागते. तेव्हा पाणी बंद करा. दोन आठवड्यांनी खुरप्याने माती सैल करून गड्डे अलगद काढा. पातीसकट जुड्या बांधा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगून वाळवा.

आता तुम्ही विचाराल, आजीच्या उरलेल्या एका गड्ड्याचे काय झाले? त्यात बारा पाकळ्या होत्या. दोन सुकल्या होत्या. उरलेल्या दहा आम्ही दोघींनी मे महिन्यात लावल्या. सप्टेंबरात दहा गड्डे मिळाले. त्या वर्षी आम्ही त्यांतला एकही खाल्ला नाही. सगळे बियाण्यासाठी टांगून ठेवले. पुढच्या वर्षी मात्र घरच्या लसणाची चटणी पोटभर खाल्ली.

चला, आता प्रत्येकाने एक-एक पाकळी घ्या. सप्टेंबरात गड्डे निघतील, तेव्हा सर्वांत मोठे बाजूला ठेवा. ते पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आहेत. आणि हो, घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, “तुम्ही कोणत्या महिन्यात काय लावत होता?” ते सांगतील ते वहीत लिहून आणा.