ताटातले अन्न आणि चित्रातले अन्न

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



अन्नाची मांडणी आणि अन्नाची छायाचित्रे ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले. विषय ऐकायला हलकाफुलका वाटतो खरा. पण ज्या कामात आपला रोजचा दिवस जातो, त्याच्याशीच त्याचा संबंध आहे. म्हणून मी तो आनंदाने पत्करला.

मांडणी आपल्याला काही नवी नाही. ताट वाढताना वरच्या बाजूला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. ह्यात डोळ्यांना सुख आहेच, पण हिशेबही आहे. जे थोडे थोडे तोंडी लावायचे ते डावीकडे आणि जे घासोघास खायचे ते उजव्या हाताशी. म्हणजे आपली मांडणी जेवणाऱ्याच्या हाताकडे पाहून ठरली. चित्रातली मांडणी ठरते ती न जेवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. आज मला जे सांगावयाचे आहे, ते ह्या एका फरकातून निघते.

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर खाद्यवस्तूंना कॅमेऱ्यापुढे बसायला फार काळ लागला नाही. इंग्लंडमधल्या टॅल्बट ह्यांनी १८४४ ते १८४६ ह्या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचे पुस्तक काढले. त्यात फळांनी भरलेल्या टोपल्यांचे एक चित्र आहे. त्या काळी एक चित्र घ्यायला बराच वेळ लागे आणि फळे बिचारी हलत नाहीत, ही मोठीच सोय! परंतु ती चित्रे रंगहीन होती. पुढे १९०७ साली ल्युमिएर बंधूंच्या काचा आल्या, १९३५ साली कोडॅक्रोम फिल्म आली आणि टोमॅटो लाल दिसू लागला. अमेरिकेत १९५० साली बेटी क्रॉकरचे ‘पिक्चर कुक बुक’ निघाले. त्याच्या नावातच चित्र होते. आपल्याकडे मात्र १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ घरोघर गेली, ती वाटी-चमच्याच्या मापांच्या बळावर. आपल्या घरच्या अल्बमांतही पंगतीत बसलेली माणसे दिसतात, घास भरवणारे वधूवर दिसतात. पानातली जिलबी क्वचितच दिसते. छत्तीस चित्रांचा रोल माणसांनाच पुरत नसे, तेथे जिलबीला कोण विचारतो?

चित्रावर माल खपतो असे दिसताच चित्रात लबाडी शिरली. आईस्क्रीम दिव्यांच्या उष्णतेने वितळते, म्हणून त्याच्या जागी बटाट्याचा लगदा ठेवीत. दुधाऐवजी पांढरा डिंक, मधाळ पाकाऐवजी यंत्राचे तेल आणि फेटलेल्या सायीऐवजी दाढीचा साबण! कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीत सूपच्या वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. त्यामुळे भाज्या वर येऊन सूप दाट दिसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० साली त्याला मनाई केली. चित्रातले जे अन्न पाहून आपण मनात खट्टू होतो, ते पुष्कळदा तोंडात घालण्याजोगेही नव्हते, हे आपण ध्यानात ठेवावे.

पुढे १९७३ च्या सुमारास फ्रान्समध्ये नव्या पाकशैलीचा बोलबाला झाला. मोठी पांढरी बशी, मधोमध चिमूटभर पदार्थ, बाजूला रसाचा एक फराटा. आणि हे सारे स्वयंपाकघरातच मांडून येणार. वाढणारी आणि ‘आणखी घ्या ना’ हा तिचा आग्रह, दोन्ही तेथे नाहीत. मग खिशातल्या फोनला कॅमेरा आला, २०१० साली इन्स्टाग्राम निघाले आणि जेवणाराच चित्रकार झाला. आता वरून कॅमेरा धरून ताटाचे चित्र घेतल्याशिवाय पहिला घास उचलला जात नाही. पोळी गार होते, फुगलेली पुरी बसते. पण चित्र गरमागरम!

ह्यात कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, अळूच्या फदफद्याचे बिघडते. आपले रोजचे उत्तम अन्न कसे दिसते ते पाहा. पिठले, काळ्या मसाल्याची आमटी, भरली वांगी, मुगाची खिचडी, कुळथाचे कढण. सारे तपकिरी, पातळ नाहीतर लिबलिबीत! त्याची थोरवी वासात, चवीत आणि अंगी लागण्यात आहे. आणि ह्या तीन गोष्टी कोणत्याही कॅमेऱ्याला टिपता येत नाहीत. जे चित्रात शोभत नाही, ते पाहुण्यांपुढे ठेवायला आपल्याला संकोच वाटू लागतो. मग ते सणावारी होत नाही, पुढे रोजच्या जेवणातूनही उतरते आणि एका पिढीत ते करण्याची रीतच हरवते. नव्याने संसार मांडलेली मुलगी भाकरी उत्तम थापते. पण तिची भाकरी चित्रातल्यासारखी गोल नाही म्हणून ती मनात कष्टी होते. हे नुकसान लहान नाही.

रंगाचा हव्यास तर प्रकृतीवरच बेततो. तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’ विकण्यास बंदी केली, कारण त्यात कापड रंगविण्याचा ऱ्होडामाइन-बी हा रंग सापडला होता. मुलांना तो गुलाबी रंगच भुलवीत होता.

तथापि कॅमेऱ्याला शत्रू मानण्याचे कारण नाही. पुस्तकात ‘तांबूस होईपर्यंत परतावे’ असे लिहिलेले असते. तांबूस म्हणजे किती, हे चित्र एका नजरेत सांगते. एकतारी पाकाची तार बोटांत कशी धरते, पुरणपोळीची कड कशी बंद करावी, मोदकाची मुखरी कशी काढावी, हे चलच्चित्रात पाहून परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीसुना घरी करतात. हा उपकार मोठा आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. चित्र वाढलेल्या ताटाचे काढण्यापेक्षा करणाऱ्या हाताचे काढा. घरातल्या आजींना खिडकीजवळच्या उजेडात बसवा. त्यांची वाटी, त्यांची चिमूट, पिठाचा गोळा, कढईतला रंग, पायरीपायरीने टिपा. खाली माप लिहा आणि आजींचे नाव लिहा. नाव विसरू नका. पदार्थाची वाहवा होते, करणारी मात्र चौकटीबाहेर राहते.

आणि एक सूचना कार्यकारिणीसाठी. पुढच्या पाककला स्पर्धेत परीक्षकांनी आधी पदार्थ गरम असताना चाखावा, गुण लिहावेत आणि मगच मांडणी पाहावी. एक बक्षीस खास अशा पदार्थासाठी ठेवावे, जो दिसायला साधा पण चवीला खरा आहे. फदफद्याला पहिले बक्षीस मिळालेले पाहण्याची माझी फार इच्छा आहे!

  आत बटाटेवडे तयार आहेत; ते गरम आहेत तोवरच खावेत.