सही कोणाची, मोहोर कोणाची?

(भिलाई येथील मराठी वाचकांपुढे केलेले भाषण)



आपल्या या गावाचा जन्मच एका करारातून झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात जो करार झाला, त्यातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. मी ज्या कराराविषयी बोलणार आहे तो त्या मानाने फारच लहान आहे. तो विद्यापीठाने एखाद्या व्यक्तीशी केलेला करार होय.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातील विभागप्रमुखांनी मला एका ग्रंथाचा अनुवाद करण्यास सांगितले. पत्रावर त्यांची सही होती, विभागाचा शिक्काही होता. मी हस्तलिखित दिले, त्यातील प्रकरणे वर्गात शिकवलीही गेली. मानधन मागताच मात्र उत्तर आले की, विद्यापीठाच्या वतीने करार करण्याचा अधिकार विभागप्रमुखांना नाही. मी मराठीचा पदवीधर. कायद्याची पुस्तके मी तेव्हा प्रथम उघडली.

विद्यापीठ हे शासनाचे खाते नव्हे. शासनाचा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावे व्हावा लागतो. विद्यापीठाला मात्र त्याचा अधिनियमच स्वतंत्र विधिव्यक्तित्व देतो. अखंड अधिकार-परंपरा, सामाईक मोहोर आणि स्वतःच्या नावाने दावा लावण्याची व दाव्याला उत्तर देण्याची क्षमता, ही त्याची लक्षणे. आपल्या शेजारच्या कुटेलाभाटा येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्था विद्यापीठ म्हणवत नाही. परंतु १९६१ च्या ज्या अधिनियमात २०१६ साली तिचे नाव घातले गेले, त्याने तिलाही हेच व्यक्तित्व दिले आहे.

पण अधिनियम देतो तेवढेच. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्या अधिनियमात न सांगितलेल्या पदव्या देता याव्यात म्हणून १८६० मध्ये कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही विद्यापीठांसाठी वेगळा अधिनियम करावा लागला. जी गोष्ट संस्थेच्या अधिकारकक्षेतच नाही, ती सर्व सभासदांच्या एकमतानेही वैध होत नाही.

माझ्या बाबतीत प्रश्न निराळा होता. अनुवाद करवून घेणे विद्यापीठाच्या कक्षेत होतेच. उणीव होती ती सही करणाऱ्याच्या अधिकारात. अशी उणीव सक्षम मंडळाच्या कार्योत्तर मंजुरीने भरून निघू शकते. हे दोन प्रश्न कार्यालयांत सर्रास एकच मानले जातात, आणि त्याचा भुर्दंड बाहेरच्या माणसाला पडतो.

येथे अनुवादकाच्या दृष्टीने एक गंमत सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात ज्यांना आपण कुलगुरू म्हणतो, त्यांना छत्तीसगडात कुलपती म्हणतात. आणि महाराष्ट्रातील कुलपती म्हणजे येथील कुलाधिपती. नागपूरहून येथे आलेला मराठी माणूस ‘कुलपतींच्या मान्यतेने’ हे शब्द वाचून राज्यपालांची मान्यता आहे असे समजला, तर दोष कोणाचा?

करार मुळातच अवैध ठरला तर काय? त्यालाही १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ७० चा आधार आहे. फुकट करण्याचा हेतू नसता कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले, आणि त्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. पश्चिम बंगाल शासनाविरुद्ध बी. के. मंडल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच मानले. तेथे बांधकाम झाले होते आणि शासनाने ते वापरले होते, परंतु विहित रीतीने करारच झाला नव्हता. मोबदला मात्र द्यावा लागला. हे तत्त्व मला फार न्याय्य वाटते. अर्थात वापर झाला हे सिद्ध करावे लागते, म्हणून माझ्या अर्जासोबत मी वर्गात वाटलेल्या प्रती जोडल्या.

चौदा महिन्यांनी कार्यकारी परिषदेने कार्योत्तर मंजुरी दिली आणि मानधन मिळाले. त्यानंतरच्या दुसऱ्या एका विद्यापीठाच्या करारावर सही करण्यापूर्वी मी परिषदेच्या ठरावाची प्रत मागितली. लिपिकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, कपाट उघडले आणि प्रत काढून दिली. ती अवघ्या चार ओळींची होती.