स्वतःला ओळखणे

ग्रीसमध्ये डेल्फी येथे अपोलो देवाचे मंदिर होते. तेथे एक उपदेश कोरलेला होता : स्वतःला ओळख. त्याचा जुना अर्थ साधा. बाबा रे, तू माणूस आहेस, देव नव्हेस. आपली पायरी ओळखून राहा. सॉक्रेटिसाने त्याला निराळे वळण दिले. आपल्याला काय कळत नाही, ते आधी कळले पाहिजे, असे तो म्हणे. लोकांना प्रश्न विचारता विचारता इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला घ्यावा लागला.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात फायलो हा यहुदी तत्त्वज्ञ होता. धर्मग्रंथ यहुद्यांचा, पण लिहिणे ग्रीकमध्ये. अब्राहाम खाल्डिया सोडून हारानला गेला, या कथेचा त्याने लावलेला अर्थ बघा. खाल्डिया म्हणजे ताऱ्यांचे गणित, हारान म्हणजे आपली इंद्रिये. आकाश मोजणे पुरे, आता स्वतःच्या घरात डोकाव! आणि नीट डोकावले, की आपले पोकळपण कळते. तेथूनच ईश्वराकडे वाट फुटते. सॉक्रेटिसाचा माणूस प्रश्न विचारीत राहतो, फायलोचा माणूस शेवटी हात जोडतो.

हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग तुम्ही ओळखलंत का स्वतःला?" मी घड्याळाकडे पाहिले आणि तास संपवला. ते उत्तर मी अजून देणे लागतो. तुम्हांला कुणी असे विचारलेच, तर घड्याळाकडे तेवढे पाहू नका.