सोऱ्यातली बिस्किटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. कार्यकारिणीने मला "दिवाळीच्या बिस्किटांवर चार शब्द सांगा" म्हटले तेव्हा मी विचारले, "शब्द कशाला? डबाच आणते की!" पण डबा आणि शब्द दोन्ही हवेत असा निकाल लागला. तेव्हा गोड मानून घ्या.

माझे माहेर नांदेडचे. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी दोन कामे मुलांच्या वाट्याला येत. एक किल्ल्यासाठी माती आणण्याचे आणि दुसरे भट्टीवर बसण्याचे. मैदा, साखर, डालडा घरून मोजून द्यायचा आणि भट्टीवाल्याने मळून, हाताने फिरवायच्या यंत्रातून रेघांच्या पट्ट्या काढून, पत्र्यावर मांडून भाजून द्यायच्या, अशी रीत होती. मजुरी किलोवर. डब्यावर खिळ्याने कोरलेले वडिलांचे नाव असे, तरी डबे बदलत आणि त्यावरून भांडणे होत. दिवाळीला आम्ही रांगेत असू, रमजान ईदेला शेजारचे रांगेत असत. पत्रे तेच, यंत्रही तेच. आमचा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामी राज्यात होता, त्यामुळे चहाबरोबर बिस्किटाची गोडी आम्हाला हैदराबादेकडून लागली असावी, असे आपले मला वाटते.

आता गंमत पाहा. ज्या यंत्रातून ती पट्टी निघते ते यंत्र म्हणजे आपला सोऱ्याच की! नुसता आडवा केलेला आणि मूठ लावलेला. जर्मनीत आणि स्वीडन-नॉर्वेकडे ख्रिसमसच्या दिवसांत घरोघरी लोण्याचे पीठ साच्यातून दाबून अशीच बिस्किटे करतात. जर्मन भाषेत त्यांचे नाव ज्या शब्दावरून पडले त्याचा अर्थ पिचकारी उडविणे! म्हणजे आपल्याकडे सोऱ्या आश्विनात माळ्यावरून उतरतो, तिकडे डिसेंबरात. त्यांना चकली ठाऊक नाही, हे त्यांचे दुर्दैव.

लग्न होऊन मी लातूरला आले आणि या प्रकरणाला निराळेच वळण लागले. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कडक. भट्टीच्या पत्र्यावर अंड्याचे पदार्थ भाजतात म्हणून भट्टीचे बिस्किट घरात यायचे नाही. पहिल्या दिवाळीलाच त्यांनी विचारले, "कामून गं, तुमच्या नांदेडात भट्टीचं खातात म्हणे?" मी नवी नवरी. मान खाली घालून म्हणाले, "मी घरीच करीन." आणि करू लागले. माहेरहून गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आणला, घरच्या गाईचे लोणी होते, सोऱ्या होताच. तीन-चार वर्षे माझा मोठा बोलबाला झाला. आत्याबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सूनबाई भट्टीचं तोंड पाहत नाहीत."

मग १९८३ ची दिवाळी आली. लातूर जिल्हा होऊन वर्ष झाले होते, घरात पाहुणे फार, म्हणून मी तीन किलोंचे पीठ एकदम भिजविले. पहिली ताटली ओव्हनमध्ये गेली आणि वीज गेली. दुपार झाली, ऊन वाढले, वीज काही येईना. आतली बिस्किटे पसरून एकमेकींना चिकटली आणि परातीतले पीठ तेल सोडू लागले. मी रडकुंडीला आले. शेजारच्या चाचींनी भिंतीवरून पाहिले आणि म्हणाल्या, "बेटी, रोती क्यूँ? परात इधर दे." त्यांचा मुलगा परात सायकलीवर घेऊन गंजगोलाईच्या बाजूला एका भट्टीवर गेला. चाचींनी त्याला बजावले होते की पत्रा राखेने घासून घ्यायचा आणि वर कोरा कागद घालायचा. रात्री दहाला डबा आला. मी तो आपल्या डब्यात ओतला आणि कोणाला काही बोलले नाही. आत्याबाईंनी देवापुढे ठेवले, मग स्वतः दोन खाल्ली. माझ्या घशाखाली मात्र फराळाचे काही उतरेना.

त्या फजितीतून जे शिकले ते आता सांगते, कारण कृती हाच आजचा खरा विषय.

पाव किलो मैदा, पावणेदोनशे ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलची आणि लागले तर चमचा-दोन चमचे दूध. यात तीस-पस्तीस होतात. लोणी थंड पाण्यात दोनदा धुवून दाबून घ्या आणि मगच तोला; ताक राहिले की बिस्किट पसरते. लोणी व साखर हलकी पांढरी होईतो फेसा. मैदा घातल्यावर मात्र मळू नका, नुसता गोळा करा. चकलीला आपण मोहन कशाला घालतो? पिठाच्या कणाला स्निग्धाचे पांघरूण बसले की त्याला चिवटपणा येत नाही. इथे तर सारे मोहनच आहे. मळून मळून तो चिवटपणा ओढून आणाल तर खुसखुशीतपणा गेलाच.

लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेनेही वितळते. आपल्याकडे दिवाळीतही दुपार तापते, म्हणून हे काम पहाटे किंवा दिवे लागल्यावर करावे, आणि एका वेळी अर्ध्या किलोवर पीठ भिजवू नये. (तीन किलो भिजविणारीला आज कोणी सल्ला विचारला नसता!) सोऱ्याला चांदणीची चकती लावा. ताटली थंड हवी आणि तिला तूप लावायचे नाही, हे विसरू नका. तूप लावले की पीठ ताटलीला धरत नाही, सोऱ्याबरोबर उचलून येते. ओव्हन असेल तर १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे. नसेल तर जाड पातेल्यात वाळू, वर कडे, झाकण घालून दहा-बारा मिनिटे तापवा, मग ताटली ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटे. कडा बदामी झाल्या की काढा. गरम असताना मऊच लागतात. कच्ची समजून पुन्हा घालाल तर करपतील.

डालड्याविषयीही विचारणा होते. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि स्वस्त, टिकाऊ म्हणून घरोघरी गेला. तो उन्हात विरघळत नाही, म्हणून भट्टीच्या बिस्किटाची रेघ सुरेख उठते. पण तोच टाळूला चिकटतो. वनस्पती तुपात जी ट्रान्स फॅट नावाची चरबी असे ती हृदयाला अपायकारक ठरली आणि २०२२ च्या जानेवारीपासून खाद्यतेलांत व वनस्पतीत ती शेकडा दोनच्या आत ठेवण्याचे बंधन आले. म्हणून लोणी म्हणजे औषध, असे नव्हे. दोन खावीत, डबा लपवावा.

लपविण्यावरून आठवले. चार वर्षे मी ते मनात ठेवले. आत्याबाई आजारी पडल्या तेव्हा एका रात्री पाय चेपताना सांगून टाकले. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "ठाऊक होतं. आपल्या ओव्हनचं बिस्किट एका कडेनं जळतं. त्या साली एकही जळालं नव्हतं." मी विचारले, "मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "लोणी आपलंच होतं ना?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की १९८४ च्या रमजानात चाचींच्या घरी पितळी डब्यातून लोणी गेले होते, ते कोणी पाठविले याचा उलगडा आम्हा दोघींनाही झाला नव्हता.

असो. मागच्या टेबलावर सोऱ्या, पातेले आणि वाळू मांडून ठेवली आहे. गॅसवरच करायचे आहे, त्यामुळे विजेची धास्ती नाही. ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी बांगड्या वर सारून पुढे यावे; पीठ फार वेळ थांबणार नाही.