अपराधी रुग्णाची शुश्रूषा

(ज्युबिली वर्षानिमित्त धर्मग्रामातील परिचारिकांच्या मेळाव्यात, संत कामिलस ह्यांच्या सणाच्या दिवशी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या निमित्ताने आजवर जी भाषणे झाली, त्यांत देऊळ बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांचे, शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनींचे व गायनमंडळाचे गुणगान यथास्थित झाले, आणि ते योग्यच होते. आज ज्यांच्यापुढे मी उभा आहे, त्यांचे काम मात्र कोणत्याही संगमरवरी फलकावर कोरले जात नाही. रात्रपाळी आटोपून पहाटेच्या गाडीने उतरलेल्या आणि तशाच सकाळच्या मिस्सेला येऊन मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या भगिनी मी वेदीवरून कितीदा तरी पाहिल्या आहेत. प्रवचनात इतरांच्या झोपेवर मी ताशेरे ओढले असतील. त्यांच्या झोपेवर कधीही नाही.

आपले आश्रयदाते संत कामिलस दे लेल्लिस (1550–1614) हे तरुणपणी शिपाई होते व पक्के जुगारी होते. पायाची चिघळलेली जखम घेऊन ते रोममधील असाध्य रोग्यांच्या इस्पितळात आले, तेथेच चाकरीस राहिले आणि भांडखोर वर्तनामुळे तेथून काढले गेले. पुढे त्याच इस्पितळात परत येऊन त्यांनी रुग्णसेवेचे व्रत घेतले व संघ स्थापिला. 1930 साली परमगुरू अकरावे पायस ह्यांनी त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. म्हणजे ज्यांच्याकडे आपण मध्यस्थी मागतो, तेच एके काळी कोणालाही नकोसे झालेले रुग्ण होते. तथापि जुगार हे दुर्व्यसन होय. आज मी ज्या रुग्णाविषयी बोलणार आहे, त्याचा अपराध फार निराळ्या जातीचा आहे.

सुमारे तीन वर्षांपूर्वी आपल्यातीलच एक भगिनी मजकडे आली. जे सांगतो ते पापनिवेदनातले नव्हे. तसे असते तर ते माझ्याबरोबर थडग्यात गेले असते. बैठकीच्या खोलीत, दार उघडे असता, तिने ते सांगितले, आणि तिच्या संमतीने, ओळख पटेल अशा साऱ्या खुणा वगळून, मी ते आपणांपुढे ठेवीत आहे. तिच्या वॉर्डात पोलिसांच्या पहाऱ्यात एक मनुष्य आणला होता. एका लहानग्या मुलीवर त्याने जो अत्याचार केला होता, त्याचे वर्णन देवळाच्या आवारात करवत नाही. लोकांनी त्याला बेदम मारले होते. बरगड्या मोडल्या होत्या, एक हात प्लास्टरमध्ये व दुसरा खाटेला बेडीने जखडलेला. आमच्या ह्या भगिनीची मुलगी त्याच वयाची.

तिने औषधे वेळेवर दिली, जखमा धुतल्या, ताप व रक्तदाब पाहिला. तक्त्यावरचा एकही रकाना रिकामा ठेवला नाही. “पण फादर,” ती म्हणाली, “रात्री दोन वाजता त्याने पाणी मागितले. बाहेरचा शिपाई पेंगत होता. मी ऐकले. ऐकून पलीकडच्या तीन खाटांच्या चादरी सारख्या केल्या. मग कपाटातला कापूस मोजला. तो मोजायची काही गरज नव्हती. पाऊण तासाने पाणी दिले. आणि खरे सांगू? त्या पाऊण तासात मला बरे वाटत होते.”

मी म्हणालो, “मुली, त्याला क्षमा कर.”

ती म्हणाली, “फादर, मी क्षमा करणारी कोण? ती पोर त्याच इस्पितळात खालच्या मजल्यावर आहे. तिची आई जिन्यात बसलेली असते. मी वर क्षमा करून खाली उतरले, तर त्या बाईच्या तोंडाकडे कशी बघू?”

बंधुभगिनींनो, सेमिनरीत मी नीतिशास्त्र शिकलो आहे व त्यात मला बऱ्यापैकी गुणही होते. परंतु त्या दिवशी मजपाशी उत्तर नव्हते. मी तिला आशीर्वाद दिला व पुन्हा ये म्हणालो. तिच्या प्रश्नाचा जितका विचार केला, तितकी माझी खात्री होत गेली की चूक तिची नव्हे, माझी होती. मी तिच्याकडे असे काही मागितले होते, जे देण्याचा तिला अधिकारच नव्हता.

क्षमेची जी उदाहरणे आम्ही प्रवचनात सांगतो, ती आठवून पाहा. 1902 साली अकरा वर्षांची मारिया गोरेत्ती इस्पितळात प्राण सोडताना आपल्या मारेकऱ्यास क्षमा करून गेली. घाव तिच्या अंगावर होते. आपल्या देशात 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूर भागात धर्मभगिनी राणी मारिया ह्यांना बसमधून ओढून भोसकण्यात आले. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, जी स्वतः धर्मभगिनी आहे, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. रक्त तिच्या घरचे होते, म्हणून ती राखी बांधू शकली. परक्याच्या घावाची क्षमा तिसऱ्याने वाटणे म्हणजे दुसऱ्याच्या पेटीतील द्रव्य दान करण्यासारखे आहे. परिचारिकेकडे क्षमा कोणी मागितलेली नाही. तिच्याकडे पाणी मागितलेले आहे.

ह्या विचारात असता मी लूककृत शुभवर्तमान उघडले. गेथशेमानी बागेत प्रभूला धरावयास जमाव आला, तेव्हा महायाजकाच्या दासाचा कान तरवारीने तोडला गेला, हे चारही शुभवर्तमानकार सांगतात. तरवार पेत्राची होती व दासाचे नाव मल्ख होते, एवढे योहान सांगतो. परंतु प्रभूने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला, हे एकटा लूक सांगतो. आणि लूक, परंपरेप्रमाणे, वैद्य होता. इतरांच्या ध्यानातून जे निसटले ते वैद्याच्या नजरेतून निसटले नाही. मरणापूर्वी प्रभूने केलेले हे शेवटचे आरोग्यदान होय, आणि ते त्याला धरावयास आलेल्या मनुष्याच्या वाट्यास आले. मल्खाने पश्चात्ताप केला, असे कोठे लिहिलेले नाही. त्याने आभार मानले, असेही नाही. कान बरा झाला म्हणून अटक थांबली नाही. त्याच रात्री प्रभूला बांधून नेण्यात आले. आरोग्यदान एका बाजूला झाले व न्याय-अन्यायाचे पुढचे सारे प्रकरण दुसऱ्या बाजूला चालू राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातही अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू आजारी व बंदिवान ह्यांची नावे एकापाठोपाठ घेतो. बंदिवान निरपराध असला पाहिजे, अशी अट तो घालीत नाही. ही दोन्ही स्थळे मी शेकडो वेळा वाचली होती. कापूस मोजणाऱ्या एका परिचारिकेने ती मला पुन्हा वाचावयास लावली.

आता कोणी म्हणेल, प्रभूला ते साधले, आम्हां मर्त्य माणसांस कसे साधावे? अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात 27 ऑक्टोबर 2018 रोजी, शब्बाथाच्या सकाळी, एका मनुष्याने यहुदी सभास्थानात शिरून अकरा उपासकांस गोळ्या घालून ठार केले. तो स्वतः जखमी झाला व त्यास इस्पितळात आणले. तेथे त्याची शुश्रूषा करणाऱ्यांत अरी माहलर नावाचा परिचारक होता. तो यहुदी, किंबहुना यहुदी धर्मगुरूचा मुलगा. आपण यहुदी आहोत, हे त्याने त्या रुग्णास कळू दिले नाही. आपण हे प्रीतीपोटी केले, असे त्याने पुढे जाहीरपणे लिहिले. 2023 साली त्या अपराध्यास न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली. त्या शिक्षेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, ते आपण जाणता. तो आजचा विषय नव्हे. माझ्या मनात राहून गेले ते त्या परिचारकाचे मौन. ‘पाहा, मी तुझ्या शत्रुजातीचा असून तुझी सेवा करतो’ असे म्हणण्याचा मोह केवढा मोठा असेल! त्या एका वाक्याने मलमपट्टीची शिक्षा झाली असती.

प्रीती ह्या शब्दाने कोणी दचकू नये. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते प्रीती करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. तिचे आसन इच्छाशक्तीत आहे, अंगावर येणाऱ्या शहाऱ्यात नव्हे. त्या मनुष्याला पाहून आमच्या भगिनीला किळस आली, ते पाप नव्हे. त्या मुलीसाठी कोणाच्या तरी अंगावर काटा उभा राहावयास हवाच होता. मात्र त्या पाऊण तासाविषयी तिचे मन तिला खात होते, ते खरेच खात होते. मनुष्याला शिक्षा देण्यासाठी न्यायाधीश आहे. त्यापुढे साक्षी आहेत, वकील आहेत, वरचे न्यायालय आहे. तहानेची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नव्हती. ती रात्री दोन वाजता एकटीने दिली गेली, आणि तिच्यावर अपील नव्हते. परिचारिकेच्या हाती असलेली सत्ता फार लहान दिसते: तांब्या, उशी, सुई टोचण्याची रीत, घंटा ऐकून उठण्याची घाई अगर दिरंगाई. परंतु खाटेला खिळलेल्यास ह्यापलीकडे दुसरे राज्यच नसते.

लोक म्हणतात, अशांवर सरकारी औषध का दवडावे? आपणां मुंबईकरांस ह्याचे उत्तर घरचे आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात 166 जीव गेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे ह्यांनी आपला देह पुढे करून जो एक हल्लेखोर जिवंत धरून दिला, त्याला नायर इस्पितळात नेऊन त्याच्या जखमांवर उपचार झाले. तो जगला म्हणून खटला चालला. त्याच रात्री कामा इस्पितळात वीस गर्भवती स्त्रियांस एका लहानशा खोलीत सुरक्षित नेणाऱ्या परिचारिका अंजली कुलथे ह्यांनी पुढे त्याला ओळखले व न्यायालयात साक्ष दिली. एकाच व्यवसायातील हातांनी त्याच्या जखमा बांधल्या व एकाच व्यवसायातील वाणीने त्याचा अपराध सिद्ध करण्यास साह्य केले. ह्यात मला काडीचाही विरोध दिसत नाही. तरी हा युक्तिवाद मी जपूनच वापरतो. उपचारातून खटल्यास लाभ झाला, हे ठीकच. पण मल्खाच्या कानापासून कोणास काय लाभ झाला होता?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावयास हवी, कारण आमच्या स्त्रियांस सर्व भार निमूटपणे वाहण्याची सवय आहे. रुग्णाने ज्याला बाधा केली ते आपल्या घरचे माणूस असेल, अगर हात आवरणार नाही अशी भीती वाटत असेल, तर मेट्रनकडे जाऊन ड्युटी बदलून मागावी. त्यात भित्रेपणा नाही. रुग्णाचेही त्यातच हित आहे. खोलीत एकटे राहण्याचे भय वाटले, तर शिपायास आत बसवावे. गोड बोलणे, हसणे, सांत्वन करणे हे कर्तव्यात मोडत नाही. पाणी मोडते.

ती भगिनी पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, तेव्हा ह्यातले थोडेसेच मी तिला सांगू शकलो. तिने ऐकून घेतले व म्हणाली की मधल्या रात्री त्याने पुन्हा पाणी मागितले होते, आणि ह्या वेळी ती लगेच उठली होती. मी विचारले, “मग तो काही म्हणाला?” “नाही. प्याला आणि तोंड फिरवून झोपला.” आणि ती आई? तिला तिने काहीच सांगितले नव्हते. घरी जाताना जिन्यात क्षणभर तिच्याशेजारी बसली होती, एवढेच.

आता घरच्या मंडळींस एक विनंती. अशा पाळीवरून परत आलेल्या परिचारिकेस ‘तो दिसतो कसा, बोलतो काय’ असे विचारू नका. गावात त्याची चर्चा चार दिवस पुरते. तिला मात्र पुन्हा त्याच वॉर्डात जावयाचे असते. तिचे जेवण झाकून ठेवा व तिला झोपू द्या. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर मी बैठकीच्या खोलीत बसत जाईन. ज्या भगिनींना पापनिवेदन नव्हे, तर नुसते बोलावयाचे असेल, त्यांनी यावे. ज्यांची आज रात्रपाळी आहे, त्यांनी आशीर्वादानंतर थांबू नये. त्यांच्या चहाची सोय मंडपाच्या डाव्या बाजूस आधीच केली आहे.